लोपाचा वारसा आणि माहितीचा हक्क

बहुतेक आनुवंशिक दोषांची वाट ठरलेली असते. ते आधीच्या पिढीतून येतात आणि पुढच्या पिढीत जातात. वाय गुणसूत्राच्या लांब भुजेवरचा एक ठरावीक तुकडा गळाल्यामुळे (या गळण्यालाच लोप म्हणतात) येणारे वंध्यत्व मात्र या वाटेने चालत नाही. ज्या तुकड्यावर शुक्राणू तयार करण्याचे काम अवलंबून असते तोच नाहीसा झालेला असल्यामुळे, हा दोष ज्याच्यात प्रकट होतो त्याच्यापाशीच तो बहुधा थांबतो. पित्याच्या वृषणात शुक्राणू घडताना तो नव्याने निर्माण होतो, मुलाच्या प्रत्येक पेशीत उतरतो, त्याच्या तारुण्यात शुक्राणूंच्या अभावाच्या रूपाने दिसू लागतो आणि त्याच्याबरोबर संपतो. नैसर्गिक संबंधातून तो पुढच्या पिढीत गेल्याची उदाहरणे वैद्यकीय साहित्यात नोंदलेली आहेत, पण ती अपवाद म्हणावीत इतकीच आहेत.

ही साखळी १९९२ मध्ये बदलली. त्या वर्षी ब्रसेल्समधील संशोधकांनी एकच शुक्राणू सुईने थेट स्त्रीबीजात सोडून गर्भधारणा घडवून आणल्याचे जाहीर केले. या पद्धतीला आपण आज इक्सी म्हणतो. ज्या पुरुषाच्या वीर्यात अगदी मोजके शुक्राणू आहेत, किंवा वृषणातून शस्त्रक्रियेने काढले तरच जे मिळू शकतात, तोही त्यामुळे पिता होऊ शकला. वाय गुणसूत्र पित्याकडून मुलाकडे जसेच्या तसे जाते, म्हणून या मार्गाने जन्मलेल्या प्रत्येक मुलग्याला तो लोपही मिळतो. अमेरिकेतील जनुकशास्त्रज्ञ डेव्हिड पेज, वंध्यत्वतज्ज्ञ शेरमन सिल्बर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये अशा मुलांत पित्याचाच लोप उतरल्याचे दाखवून दिले. जो दोष वारशाने सहसा जाऊ शकत नव्हता त्याला वैद्यकशास्त्राने वारसा मिळवून दिला.

या घटनेचा मला खेद नाही. अपत्य हवे असलेल्या माणसाला ते मिळणे ही चांगलीच गोष्ट आहे. पण दोषाला पुढे जाण्याची वाट करून देणाऱ्यांवर त्याविषयीची माहितीही पुढे पोचवण्याची जबाबदारी येते, आणि ती आज फार ढिलाईने पाळली जाते, असे माझे स्पष्ट मत आहे. वीर्यात शुक्राणू नसलेल्या किंवा अत्यंत कमी असलेल्या प्रत्येक पुरुषाची वाय गुणसूत्राची तपासणी शस्त्रक्रियेच्या आणि इक्सीच्या आधी झाली पाहिजे. तिचा अर्थ त्या जोडप्याला नीट समजावून सांगितला गेला पाहिजे. आणि तो निष्कर्ष, जन्माला येणाऱ्या मुलाला एक दिवस कळावा अशा रीतीने जपून ठेवला गेला पाहिजे. या तीन गोष्टी मी ऐच्छिक सोय मानत नाही, मी त्यांना उपचाराचाच भाग मानतो.

या विषयाची सुरुवात १९७६ मध्ये झाली. इटलीतील तिएपोलो आणि झुफार्दी यांनी ११७० पुरुषांची गुणसूत्रे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. त्यांतल्या ज्या सहा जणांच्या वाय गुणसूत्राच्या लांब भुजेचे टोक तुटलेले होते, त्या सहाही जणांच्या वीर्यात शुक्राणू नव्हते. शुक्राणू तयार होण्यासाठी लागणारा काही घटक या भुजेवर असावा, असा तर्क त्यांनी केला आणि पुढे त्या घटकाला एझेडएफ (अझूस्पर्मिया फॅक्टर, म्हणजे शुक्राणुहीनतेशी निगडित घटक) हे नाव पडले. सूक्ष्मदर्शकाला न दिसणारे लहान तुकडे शोधण्यासाठी मात्र रेणवीय तंत्रांची वाट पाहावी लागली. १९९५ मध्ये पेज यांच्या गटाने ८९ शुक्राणुहीन पुरुषांपैकी १२ जणांत असे लोप शोधले आणि त्या भागातील डाझ हे जनुक ओळखले. पुढच्याच वर्षी पीटर फोग्ट यांच्या गटाने हा प्रदेश एक नसून तीन आहेत असे मांडले. एझेडएफ-ए, एझेडएफ-बी आणि एझेडएफ-सी ही नावे तेव्हापासून रूढ झाली. आज वाय गुणसूत्राचे सूक्ष्मलोप, म्हणजे डॉक्टर ज्यांना वाय मायक्रोडिलीशन म्हणतात ते, पुरुषांतील गंभीर शुक्राणुन्यूनतेचे क्लाइनफेल्टर सिंड्रोमनंतरचे (ज्यात पुरुषात एक्स गुणसूत्र जास्तीचे असते) सर्वांत सामान्य जनुकीय कारण मानले जातात.

हे तुकडे गळतात तरी का? त्याचे उत्तर थोडे सविस्तर द्यावेसे वाटते, कारण लोप कोणाच्या दोषामुळे होतो या प्रश्नाचा निकाल तेथेच लागतो. इतर गुणसूत्रांना जोडीदार असतो. शुक्राणू किंवा स्त्रीबीज घडताना जोडीतील दोघे एकमेकांशेजारी येतात, तुकड्यांची देवाणघेवाण करतात आणि एकात चूक झाली असेल तर दुसऱ्याकडे पाहून ती दुरुस्त होते. वाय गुणसूत्राला असा जोडीदार नाही. टोकांचा थोडा भाग सोडला तर एक्स गुणसूत्राशी त्याची अदलाबदल होत नाही. मग त्याने आपल्या महत्त्वाच्या जनुकांच्या प्रती कोठून तपासून घ्यायच्या? २००३ मध्ये त्याचा बराचसा आराखडा प्रथम वाचला गेला तेव्हा या प्रश्नाचे उत्तर सापडले. वाय गुणसूत्र आपली दुसरी प्रत स्वतःतच बाळगते, आणि तीही उलटी लिहिलेली.

‘रामाला भाला मारा’ हे वाक्य आपण लहानपणी दोन्ही बाजूंनी वाचलेले असते. वाय गुणसूत्रावर अशी आठ प्रचंड विलोमवाक्ये आहेत. त्यांतले सर्वांत मोठे डीएनएच्या सुमारे २९ लाख अक्षरांचे आहे आणि त्याच्या दोन बाजू एकमेकींशी ९९.९७ टक्के जुळतात. गुणसूत्र मध्यावर दुमडले की एक बाजू दुसरीसमोर येते आणि एकीतील चूक दुसरीवरून सुधारली जाते. शुक्राणू घडवण्याशी संबंधित अनेक जनुके याच विलोमभागांत जोडीजोडीने ठेवलेली आहेत. जोडीदाराशिवाय टिकून राहण्याचा याहून विलक्षण उपाय जीवसृष्टीत शोधूनही क्वचितच सापडेल, असे मला हा तपशील प्रथम वाचताना वाटले होते आणि आजही वाटते.

पण ज्या रचनेने हे गुणसूत्र टिकले तिच्यातच ते तुटण्याचे कारण दडलेले आहे. एकसारख्या दिसणाऱ्या दोन जागा एकाच गुणसूत्रावर असल्या की पेशीची दुरुस्ती यंत्रणा कधी कधी फसते. दूरच्या दोन सारख्या जागांना ती एकच समजून जोडते आणि त्यांच्या मधला सगळा मजकूर गळून पडतो. एझेडएफ-सीमधला नेहमीचा मोठा लोप सुमारे ३५ लाख अक्षरांचा असतो. एकमेकांशी कसलेही नाते नसलेल्या पुरुषांत तो जवळजवळ त्याच ठिकाणी सुरू होतो आणि त्याच ठिकाणी संपतो, कारण दोन्ही टोकांना त्याच सारख्या जागा असतात. एझेडएफ-एमधला सुमारे आठ लाख अक्षरांचा लोप आणखी वेगळ्या कारणाने घडतो. त्याच्या दोन्ही टोकांना आपल्या पूर्वजांच्या जनुकसंचात केव्हातरी शिरलेल्या प्राचीन विषाणूंचे अवशेष आहेत, आणि ते एकमेकांसारखे असल्यामुळे तेथेही हीच फसगत होते.

यातून निघणारा पहिला निष्कर्ष असा की या लोपाला कोणी जबाबदार नसतो. त्या पुरुषाचे व्यसन, त्याची नोकरी, त्याची जीवनशैली, लहानपणचा एखादा आजार, यांपैकी कशानेही तो घडलेला नसतो. त्याच्या आईवडिलांचाही त्यात दोष नसतो. वडील तर बहुधा सर्वसामान्य प्रजननक्षम असतात, नाहीतर तो जन्मालाच आला नसता. हा लोप गुणसूत्राच्या रचनेतून उद्भवणारा अपघात आहे. तो जगभर, सर्व वंशांच्या पुरुषांत घडतो. भारत, पोलंड, ट्युनिशिया, अमेरिका आणि व्हिएतनाम या पाच देशांतील वीस हजारांहून अधिक पुरुषांची वाय गुणसूत्रे तपासणाऱ्या, २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एझेडएफ-सीचा हा मोठा लोप सुमारे २३२० पुरुषांमागे एकात आढळला. अशा पुरुषाला गंभीर शुक्राणुन्यूनता असण्याचा धोका इतरांच्या १४५ पट असल्याचेही त्यात दिसले.

दुसरा निष्कर्ष पुरुषत्वाविषयी आहे. अहवालावर ‘वाय गुणसूत्रात लोप आढळला’ असे लिहिलेले वाचताच अनेक पुरुषांना आपले पुरुषपणच अपुरे असल्याचा निकाल लागला असे वाटते. त्यात आपल्या भाषेचाही वाटा आहे. अपत्य नसलेल्या बाईसाठी मराठीने ‘वांझ’ हा घाव घालणारा शब्द घडवला. पुरुषासाठी मात्र तितका रूढ वेगळा शब्द ठेवला नाही, आणि जो वापरला जातो तो ‘नपुंसक’ हा शब्द लैंगिक असमर्थता आणि अपत्यहीनता यांची भेसळ करतो. वैद्यकीयदृष्ट्या या दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत. गर्भात वृषण घडवून आणणारे, १९९० मध्ये ओळखले गेलेले एसआरवाय हे जनुक वाय गुणसूत्राच्या आखूड भुजेवर असते आणि एझेडएफचे तिन्ही प्रदेश लांब भुजेवर असतात. सूक्ष्मलोप असलेल्या पुरुषाचे एसआरवाय शाबूत असते. त्याची शरीरयष्टी, दाढीमिशा, कामेच्छा, कामक्षमता यांत सहसा काहीही उणे नसते. कमी असतात ते फक्त शुक्राणू. तपासणी करणाऱ्याने हे वाक्य अहवाल हातात देण्याआधी उच्चारले पाहिजे, कारण त्यानंतर सांगितलेले बहुतेक काही ऐकले जात नाही.

आता तपासणीच्या गरजेकडे येतो. तिन्ही प्रदेशांतील लोपांचे परिणाम सारखे नसतात, आणि सारे व्यावहारिक महत्त्व या फरकात आहे. एझेडएफ-ए पूर्ण गळाला असेल तर वृषणातील नलिकांत शुक्राणूंच्या मूळ पेशीच बहुधा नसतात, नुसत्या आधारपेशी उरतात. एझेडएफ-बी पूर्ण गळाला असेल तर शुक्राणूंची घडण सुरू होते पण अर्ध्यावर अडते. या दोन्ही स्थितींत शस्त्रक्रिया करून वृषणात शुक्राणू शोधले तरी ते मिळण्याची शक्यता जवळजवळ शून्य असते, म्हणून अशा पुरुषांवर ती शस्त्रक्रिया करू नये असे प्रमुख वैद्यकीय संघटनांची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. एझेडएफ-सीचे मात्र उलट आहे. या लोपाच्या पुरुषांपैकी काहींच्या वीर्यातच थोडे शुक्राणू सापडतात, आणि ज्यांच्या वीर्यात सापडत नाहीत त्यांच्यापैकी सुमारे निम्म्यांच्या वृषणातून ते शस्त्रक्रियेने मिळवता येतात. म्हणजे एका पुरुषाला ‘आशा धरू नका’ आणि दुसऱ्याला ‘आशा धरायला चांगली जागा आहे’ असे सांगणारी गोष्ट रक्ताच्या एका नमुन्यातून कळते. दोघांचे वीर्यतपासणीचे कागद शेजारी ठेवले तर ते हुबेहूब सारखे दिसू शकतात.

ही तपासणी अवघड नाही. रक्तातील पांढऱ्या पेशींचा डीएनए घेऊन पीसीआर पद्धतीने, म्हणजे डीएनएच्या ठरावीक तुकड्यांच्या असंख्य प्रती काढून, प्रत्येक प्रदेशातील दोन ठरावीक खुणा आहेत की नाहीत एवढेच पाहिले जाते. एझेडएफ-एसाठी एसवाय ८४ आणि ८६, बीसाठी १२७ आणि १३४, सीसाठी २५४ आणि २५५ या खुणा युरोपातील मार्गदर्शक तत्त्वांनी ठरवून दिल्या आहेत आणि त्या जगभर वापरल्या जातात. शस्त्रक्रियेच्या, औषधांच्या आणि प्रयोगशाळेतील गर्भधारणेच्या खर्चापुढे हा खर्च नगण्य असतो. तरीही ती अनेकदा केली जात नाही, किंवा उपचाराची एक फेरी फसल्यावर आठवते.

या विलंबाची किंमत कोण मोजते, हे मला आवर्जून सांगायचे आहे. शुक्राणूंचा प्रश्न पुरुषाचा असला तरी इक्सीचा भार स्त्रीच्या शरीरावर पडतो. दहा-बारा दिवस संप्रेरकांची इंजेक्शने, वारंवार सोनोग्राफी, भूल देऊन योनिमार्गे स्त्रीबीजे काढणे, अंडाशय अतिउत्तेजित होण्याचा धोका, हे सारे तिच्या वाट्याला येते. कित्येक ठिकाणी पुरुषाच्या वृषणावरची शस्त्रक्रिया तिची स्त्रीबीजे काढण्याच्या दिवशीच किंवा आदल्या दिवशी ठरवली जाते. एझेडएफ-बीचा पूर्ण लोप असलेल्या पुरुषावर तपासणीशिवाय ही शस्त्रक्रिया केली तर एका खोलीत तिची स्त्रीबीजे तयार असतात आणि दुसऱ्या खोलीतून शुक्राणू मिळाले नाहीत असा निरोप येतो. तो निरोप काही आठवड्यांपूर्वी रक्ताच्या एका नमुन्यातून मिळू शकला असता. हा निव्वळ दुर्दैवाचा प्रकार नाही. टाळता येण्याजोगी इजा न टाळणे याला वैद्यकीय व्यवहारात निष्काळजीपणा म्हणतात आणि येथेही तोच शब्द वापरायला हवा.

याच्याही आधीची एक चूक आहे. मूल होत नाही म्हणून आलेल्या जोडप्यात पहिली तपासणी स्त्रीची करायची आणि ती जवळजवळ संपल्यावर पुरुषाला वीर्याचा नमुना द्यायला सांगायचे, हा क्रम अजून सुटलेला नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालानुसार जगातील दर सहा प्रौढांपैकी सुमारे एकाला आयुष्यात कधीतरी वंध्यत्वाचा अनुभव येतो. अशा जोडप्यांपैकी जवळपास निम्म्यांत पुरुषाकडील कारण एकटे किंवा स्त्रीकडील कारणासह असते. ज्या तपासणीला ना सुई लागते ना भूल, ती शेवटी ठेवण्याला कोणतेही शास्त्रीय कारण नाही. वाय गुणसूत्राच्या तपासणीचा आग्रह धरताना आधी हा क्रम बदलण्याचा आग्रह धरावा लागतो, कारण वीर्यतपासणीच झाली नाही तर पुढची पायरी येणारच नाही.

या मांडणीवर घेतले जाणारे आक्षेप मला हलके वाटत नाहीत. पहिला आक्षेप असा की शंभर जणांची तपासणी करावी तेव्हा मूठभरांत लोप सापडतो, मग सर्वांना हा खर्च का? याचे उत्तर तपासणी कोणाची करायची हे नीट ठरवण्यात आहे. पूर्वी एक मिलिलिटर वीर्यात ५० लाखांपेक्षा कमी शुक्राणू असलेल्या सर्वांची तपासणी करावी असे अनेक ठिकाणी म्हटले जाई. प्रत्यक्षात बहुतांश लोप शुक्राणू मुळीच नसलेल्या किंवा १० लाखांहून कमी असलेल्या पुरुषांतच सापडतात. तपासणी तेवढ्यांपुरती सक्तीने सुचवावी, वरच्या गटात डॉक्टरांनी तारतम्याने ठरवावे, असे मला योग्य वाटते. खर्च वाचवायचा असेल तर तो येथे वाचवावा. लोपाची शक्यता जेथे सर्वांत जास्त आहे तेथे तपासणी टाळून तो वाचवणे खोटे आहे.

खर्चाचा मुद्दा खऱ्या अर्थाने लागू होतो तो दुसऱ्याच ठिकाणी. एझेडएफ-सीमध्ये जीआर-जीआर नावाचा एक अर्धवट लोप असतो. त्यात सुमारे १६ लाख अक्षरे जातात पण त्या प्रदेशातील जनुकांच्या काही प्रती शिल्लक राहतात. वर उल्लेखिलेल्या २०१२ च्या अभ्यासात तो २.४ टक्के पुरुषांत आढळला. त्याने गंभीर शुक्राणुन्यूनतेचा धोका जवळपास दुप्पट होतो, पण मुळात तो धोकाच लहान असल्यामुळे हा लोप असलेल्यांपैकी दोन टक्क्यांहून कमी पुरुषांना प्रत्यक्ष त्रास होतो. जपानमधील एका मोठ्या पितृवंशात तर हा लोप सर्रास असतो आणि तो वंश पिढ्यानपिढ्या चालू आहे. तरीही काही प्रयोगशाळा पूर्ण लोपाच्या आणि या अर्धवट लोपाच्या तपासण्या एकत्र बांधून विकतात आणि ‘लोप आढळला’ एवढाच शेरा मारून अहवाल देतात. एका जोडप्याला हा शेरा कायमच्या निराशेत ढकलू शकतो, दुसऱ्याला नको असलेल्या उपचारांकडे. कोणता प्रदेश, पूर्ण की अर्धवट, दोन्ही खुणा नाहीत की एकच, हे अहवालात स्पष्ट लिहिणे बंधनकारक असावे. एझेडएफ-ए या प्रदेशातील यूएसपी-९-वाय हे जनुक संपूर्ण गळालेला एक पुरुष नैसर्गिकरीत्या पिता झाल्याचे २००९ मध्ये प्रसिद्ध झाले आहे. ‘पूर्ण’ या एका शब्दावर किती अवलंबून असते याचा याहून स्पष्ट पुरावा नको.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. एझेडएफ-सीचा लोप असलेल्या जोडप्याला माहिती देऊन काय बदलते? बहुसंख्य जोडपी सगळे ऐकूनही इक्सीच करतात, मग त्यांच्या मनावर हा भार कशाला? मला हा युक्तिवाद ‘तुमचे भले आम्हीच ठरवू’ अशा भूमिकेतून केलेला वाटतो. जोडपे तोच निर्णय घेईल म्हणून त्यांना काय निवडत आहेत ते सांगायचे नाही, हे कोणत्याच इतर शस्त्रक्रियेबाबत आपण मान्य करणार नाही. शिवाय माहितीने पुष्कळ बदलते. शुक्राणू वाढवण्यासाठी महिनोन्‌महिने दिली जाणारी संप्रेरके, जीवनसत्त्वे आणि पूरके गळालेली जनुके परत आणू शकत नाहीत, हे कळल्यावर तो व्यर्थ काळ वाचतो. काही पुरुषांत या लोपामुळे शुक्राणूंची संख्या वयाबरोबर घटत गेल्याचे दिसले आहे, तेव्हा आज मिळालेले शुक्राणू गोठवून ठेवण्याचा निर्णय वेळेत घेता येतो. दात्याचे वीर्य, दत्तक मूल किंवा अपत्याविना आयुष्य, या पर्यायांकडेही उपचारांत पैसा आणि बळ संपण्याआधी पाहता येते.

तिसरा प्रश्न सर्वांत नाजूक आहे. मुलींना वाय गुणसूत्र मिळत नाही, म्हणून त्यांना हा लोपही मिळत नाही. मग प्रयोगशाळेत तयार झालेल्या भ्रूणांपैकी फक्त मुलींचे भ्रूण गर्भाशयात सोडावेत का? काही देशांत कायदा याला परवानगी देतो, काही देशांत लिंगनिवडीला सरसकट बंदी आहे. कायदा काहीही असो, मला ही निवड पटत नाही. ज्या दोषाने आयुष्य तोकडे होत नाही, वेदना होत नाहीत, बुद्धी किंवा शरीर यांना बाध येत नाही आणि ज्यावर पित्यानेच उपाय करून घेतला आहे, त्या दोषासाठी मुलगा नकोच असे म्हणणे म्हणजे समोर बसलेल्या पित्याचे आयुष्यही जगण्यालायक नव्हते असे म्हणण्यासारखे आहे. एकदा ही कसोटी मान्य केली की ती कोठे थांबवायची याची रेषा उरत नाही. या निर्णयाच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या जोडप्याला मी नावे ठेवणार नाही. पण सार्वजनिक धोरण म्हणून याचा पुरस्कार करता येणार नाही.

याच्या उलट टोकाचेही लोक आहेत. अशा पुरुषांना इक्सी देऊच नये, नाहीतर हा दोष समाजात पसरत जाईल, असे ते म्हणतात. हे भय आकडेमोडीपुढे टिकत नाही. हा लोप असलेल्या प्रत्येक पिढीला मूल होण्यासाठी पुन्हा वैद्यकीय मदत लागणार, त्यामुळे तो आपोआप फैलावू शकत नाही. आणि तो प्रत्येक पिढीत नव्याने घडतच असतो, त्यामुळे या पुरुषांना अडवून तो नाहीसाही होणार नाही. वाय गुणसूत्रच हळूहळू झिजून लुप्त होणार ही लोकप्रिय समजूतही अधूनमधून या वादात ओढली जाते. माणूस आणि ऱ्हीसस माकड यांच्या वाय गुणसूत्रांची २०१२ मध्ये झालेली तुलना सांगते की त्यांचे मार्ग वेगळे झाल्यापासूनच्या अडीच कोटी वर्षांत मानवी वायने मूळच्या जनुकांपैकी केवळ एक गमावले आहे. एका पुरुषातला लोप आणि गुणसूत्राची उत्क्रांती या दोन भिन्न गोष्टी आहेत.

राहतो तो मुलगा, ज्याच्याविषयी या सगळ्या चर्चेत सर्वांत कमी बोलले जाते. उपचारकेंद्रातल्या संमतिपत्रावर त्याची सही नसते, पण त्या कागदाचा परिणाम त्यालाच भोगायचा असतो. इक्सीच्या पहिल्या पिढीतील मुले आता प्रौढ झाली आहेत. ब्रसेल्समध्येच २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १८ ते २२ वयाच्या ५४ इक्सी-जन्मित तरुणांच्या वीर्यातील शुक्राणूंचे प्रमाण नैसर्गिक गर्भधारणेतून जन्मलेल्या तरुणांच्या जवळपास निम्मे आढळले. पित्यांच्या वंध्यत्वाची कारणे तेथे नाना प्रकारची होती आणि त्या तरुणांपैकी अनेकांची संख्या मूल होण्यास पुरेशीही होती. तरी पित्याचा प्रश्न पित्यापाशी संपत नाही एवढे त्यातून दिसलेच. एझेडएफ-सीच्या बाबतीत तर शंकेलाही जागा नाही.

या मुलाची तपासणी लहानपणी करावी का? माझ्या मते करू नये. बालवयात त्यासाठी करण्यासारखे काही नसते, आणि प्रौढपणीच उपयोगी पडणारी जनुकीय माहिती मिळवायची की नाही हे ठरवण्याचा अधिकार साधारणपणे त्या व्यक्तीने प्रौढ झाल्यावर वापरायचा असतो. पण येथे एक पेच आहे ज्याकडे दुर्लक्ष करता येत नाही. पित्याचा अहवाल हाच मुलाचाही अहवाल असतो. मुलाच्या रक्ताचा थेंबही न घेता आईवडिलांना त्याचे उत्तर ठाऊक असते. म्हणजे ‘न कळण्याचा हक्क’ मुलाकडे नसतोच. जे दोघांना कळले आहे ते तिसऱ्याला सांगायचे की नाही, एवढाच प्रश्न उरतो. आणि न सांगण्याची किंमत ठरलेली आहे. तो पंचविशी-तिशीत लग्न करील, काही वर्षे वाट पाहील, त्याच्या पत्नीच्या तपासण्या सुरू होतील, आणि वडिलांना ज्या चकरा माराव्या लागल्या त्या सगळ्या तो नव्याने मारील. त्याउलट अठरा-वीस वर्षांचा असताना त्याला शांतपणे सांगितले असेल तर तो आपल्या सोयीने वीर्यतपासणी करून घेईल, शुक्राणू असतील तर गोठवून ठेवील, आणि जोडीदार निवडताना ही गोष्ट मोकळेपणाने बोलू शकेल.

आईवडिलांना हे सांगणे जड जाते याची मला जाणीव आहे. मुलाला सांगायचे तर आधी त्याचा जन्म कसा झाला ते सांगावे लागते, आणि पुष्कळ घरांत ते आजीआजोबांनाही ठाऊक नसते. म्हणूनच हे काम पालकांच्या एकट्याच्या धैर्यावर सोडू नये. जनुकीय समुपदेशकाने उपचारापूर्वीच हा विषय काढावा, मुलगा झाला तर त्याला कधी आणि कोणत्या शब्दांत सांगता येईल याविषयी बोलावे, लोपासोबत गुणसूत्रांची इतर तपासणीही का करायची ते समजावावे, आणि मूल मोठे झाल्यावर पुन्हा येता येईल असे दार उघडे ठेवावे. आज हे समुपदेशन झालेच तर पंधरा मिनिटांत उरकते. वंध्यत्वावरील उपचारांना जेथे विमा किंवा सार्वजनिक निधी मिळतो तेथे तपासणी आणि समुपदेशन या दोन्हींचा खर्च त्यात धरला पाहिजे, नाहीतर ज्यांना ते सर्वाधिक हवे आहे तेच त्यापासून वंचित राहतील.

शेवटी कागदांचा प्रश्न आहे, आणि तो दिसतो तेवढा क्षुल्लक नाही. उपचारकेंद्रे बंद पडतात, विकली जातात, नोंदी ठराविक वर्षांनंतर नष्ट केल्या जातात. मुलाला त्या अहवालाची गरज पडते ती मात्र वीस-पंचवीस वर्षांनंतर. म्हणून लोपाचा प्रदेश, तो पूर्ण आहे की अर्धवट, तपासलेल्या खुणा आणि मुलग्याकडे तो निश्चितपणे जातो हे वाक्य, एवढे सारे जोडप्याच्या स्वतःच्या भाषेत लिहिलेल्या एका पानावर त्यांच्या हाती दिले गेले पाहिजे. ते पान मुलाच्या लसीकरणाच्या कार्डाशेजारी, त्याच्या जन्मदाखल्याबरोबर, त्याच्याच नावाच्या फाइलमध्ये ठेवावे असे डॉक्टरांनी त्यांना त्याच दिवशी सांगावे.